मागच्या सीटचं वजन

बाळांनो,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर धाकटीने मला विचारलं, "आजी, बाबांनी आत्याला दिलेली इलेक्ट्रिक स्कूटर आत्या चालवत का नाही? बाबा म्हणतात ती धूळ खात पडली आहे." प्रश्न सरळ होता. मागे ओट्याशी तुमचे बाबा कॉफी करत उभे होते. त्यांनी मान वर केली नाही. मी म्हटलं, लिहून कळवते. तोंडी सांगायला घेतलं असतं तर मध्येच विषय बदलला असता. विषय बदलण्यात तुमचे बाबा लहानपणापासून तरबेज आहेत.

आत्ताच लिहिते आहे, कारण गोष्ट ताजी असते तोवर तिला कुणाच्या सोयीचा आकार आलेला नसतो. आणखी काही वर्षांनी "बाबांनी स्कूटर दिली आणि आत्याने ती वापरली नाही" एवढं एक वाक्य तुमच्याकडे उरेल, आणि त्या वाक्यात तुमची आत्या कृतघ्न ठरेल. ती तशी नाही.

इंग्रजीत लिहिणं मला सोपं गेलं असतं. मी नागपूरला नन्सच्या शाळेत शिकले आणि कुरखेड्याला येऊन निवृत्त होईपर्यंत इंग्रजीच शिकवलं. पण या गोष्टीतली माणसं इंग्रजीत बोलली नाहीत. त्यांचं बोलणं इंग्रजीत नेलं की सगळीच एकसारखी सभ्य वाटायला लागतात. तुम्ही रविवारच्या वर्गात मराठी वाचायला शिकला आहात. अडलं तर आईला विचारा. बाबांनी वाचलं तरी माझी हरकत नाही.

क्रमाने सांगते.

तुमची आत्या नर्स आहे हे तुम्हाला माहीत आहे, पण ती कुठे जाते हे तुम्ही पाहिलेलं नाही. कुरखेड्याहून कोरचीकडे निघालं की बराच वेळ दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं असतात. मग जंगल लागतं आणि मग घाट. सह्याद्री पाहिलेला माणूस त्याला घाट म्हणणार नाही. पण चढ अंगावर येतो, वळणं अरुंद आहेत, आणि पावसाळ्यात रस्त्याची कड कुठे संपते ते कळत नाही. घाट चढून गेल्यावर एक गाव आहे आणि त्या गावाच्या टोकाला आरोग्य उपकेंद्र. दोन खोल्या, एक पडवी, एक हातपंप. आजूबाजूला जंगलात विखुरलेले टोले, म्हणजे थोड्या घरांच्या वस्त्या. त्या सगळ्या टोल्यांची नर्स म्हणजे तुमची आत्या. नोकरी कंत्राटी, पगार कधी वेळेवर, कधी नाही.

नियम असा की नर्सने उपकेंद्रातच राहायचं. पण तुमचे आजोबा गेले, माझ्या एका डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं नाही, आणि तिने ठरवलं की कुरखेड्याहून रोज जाऊन-येऊन काम करायचं. सकाळी वेळेवर पोचायची, काम चोख होतं, म्हणून वरचे कुणी काही बोलत नव्हते. हे सगळं एका गाडीवर उभं होतं. गाडी रोज घाट चढली तर तिची नोकरीही राहणार आणि ती माझ्याजवळही राहणार. नाहीतर दोन्हींतलं एक सोडावं लागणार.

त्या रस्त्यावर एक रीत आहे, ती समजल्याशिवाय पुढचं कळणार नाही. एसटी दिवसातून थोड्याच वेळा येते आणि कधी येतच नाही. म्हणून रस्त्याच्या कडेला माणूस उभा असला आणि तुमच्या गाडीची मागची सीट रिकामी असली, तर थांबायचं. तो हात करतो, तुम्ही थांबता, तो बसतो. कुठे जायचं हे विचारत नाहीत, रस्ता एकच आहे. नाही म्हणायची पद्धतच नाही. "जागा नाही" हे एकच कारण चालतं, आणि ते तोंडाने सांगावं लागत नाही, डोळ्यांना दिसतं.

जुन्या पेट्रोलच्या स्कूटरवर तुमची आत्या रिकाम्या सीटने घाट चढल्याचं मला आठवत नाही. बहुतेक बायाच असायच्या. बाजारातून मीठ-तेल घेऊन परतणाऱ्या, माहेरी निघालेल्या, कुणी लेकरू काखेत घेतलेली. पैसे कुणी देत नसे. कधी घरी चाराच्या बिया, म्हणजे चारोळी यायची, पावसाळ्यात वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, आणि सीताफळाच्या दिवसांत सीताफळं. पण खरी मिळकत वेगळी होती. या बायांना उपकेंद्राच्या खुर्चीत बसवून विचारलं तर पदर तोंडाला लावून "बरं हाय" एवढंच सांगतात. गाडीवर मात्र नर्सबाईचा चेहरा नसतो, पाठ असते. पाठीशी बोलणं सोपं जातं. कुठल्या टोल्यावर कुणाला दिवस गेलेत, कुणाच्या पोराला हुडहुडी भरून ताप येतो, कोण गोळ्या घेते म्हणून सांगून त्या चुलीत टाकते, हे सगळं घाटाच्या माथ्यापर्यंत तिला कळलेलं असायचं. तिचं अर्धं काम मागच्या सीटवर होत होतं.

ती जुनी स्कूटर मेली. मेकॅनिकने इंजिन उघडलं, पाहिलं, आणि परत झाकण लावलं. "बाई, इले आता रिटायर करा. तुमच्या आईच्या संगं बसू द्या घरी." मी तिथेच उभी होते. तो माझा विद्यार्थी, म्हणून एवढी मोकळीक.

नवी गाडी घ्यायची म्हटल्यावर तुमच्या बाबांना फोन झाला. त्यांनी लगेच सांगितलं, "पेट्रोलचा विचारच करू नका. इलेक्ट्रिक घ्या. मी मदत करतो." यात त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. पगार लांबला की पेट्रोलसाठी शेजारी तोंड वेंगाडावं लागायचं. विजेवर ते टळणार होतं. आम्ही दोघी तयार झालो.

मग मी अभ्यासाला बसले. चष्मा, भिंग आणि तीन कंपन्यांची माहितीपत्रकं. सगळ्यात स्वस्त गाडी म्हणजे लायसन न लागणारी, हळू चालणारी. ती शाळेच्या पोरींनी सपाट रस्त्यावर फिरवायची, घाटाचं नावही काढू नये. मधली दिसायला देखणी. तिला मोठा पडदा, फोनला जोडायची सोय, पाच रंग, आणि बॅटरी लहान. तिसरी महाग आणि कुरूप. लांबलचक सीट, मागे लोखंडी कॅरिअर, मोटर ताकदवान, बॅटरी मोठी. मधल्या गाडीच्या पत्रकावर एका चार्जिंगमध्ये शंभर किलोमीटर असं ठळक छापलं होतं आणि त्या शंभरावर एक चांदणी होती. मी आयुष्यभर मुलांना चांदणी दिसली की पानाच्या तळाशी जायला शिकवलं. तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं: एकच माणूस बसलेला, सपाट रस्ता, ठरावीक वेग.

एकच माणूस आणि सपाट रस्ता. आमच्याकडे दोन्ही नव्हतं.

बाजारात बांगड्यांचं दुकान असलेले एक चाचा आहेत. आठवडी बाजारांना माल घेऊन ते ती तिसरी, कुरूप गाडी चालवतात. तुमच्या आत्याने त्यांना विचारलं. ते म्हणाले, "सांगू कशाला बाई, बसा मागं. दाखवतोच." दोन्ही बाजूंना बांगड्यांची गाठोडी, मागे तुमची आत्या, असे ते घाट चढून गेले आणि परत आले. परत आल्यावर मला म्हणाले, "दिसायले डब्बा हाय मास्तरीणबाई. पण चढते. बाकीच्या गाड्या पोरीले पाहायले जायच्या हायत."

"आणि बांगड्या?" मी विचारलं.

"एक नाई फुटली. तुमच्या पोरीनं डोळे मिटले होते, तवा तिनं नाई पायलं."

"मी काऊन डोळे मिटू चाचा," तुमची आत्या म्हणाली. "तुमीच गाणं म्हणून राह्यले होते, म्हून कान झाकले."

त्या दिवशी घरी येऊन ती म्हणाली, "आई, मले तो डब्बाच पायजे." आम्ही ठरवलं: तिची साठवलेली रक्कम, तुमच्या बाबांची मदत, आणि उरलेलं हप्त्यांनी. कठीण होतं, पण बसत होतं.

मी तुमच्या बाबांना फोन केला. चांदणीचं सांगितलं, चाचांचं सांगितलं, मागच्या सीटचं सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते, म्हणजे दुसऱ्या पडद्यावर काहीतरी वाचत होते. मग म्हणाले, "आई, प्रॅक्टिकल हो. ती नर्स आहे की काळी-पिवळी चालवते? लोकांना वाहून न्यायला आपण जास्तीची बॅटरी का घ्यायची?"

काळी-पिवळी म्हणजे आमच्याकडची माणसं कोंबून नेणारी जीप. त्यातच बसून तुमचे बाबा कॉलेजला जायचे. ती चुकली की याच रस्त्यावर हात करून उभे राहायचे. कुणी ना कुणी त्यांना नेलंच. मी हे बोलले नाही. आता लिहिते आहे.

तुमची आत्या फोन हातात घेऊन म्हणाली, "दादा, मी थांबली नाई त कसं दिसंल?"

"कसं दिसेल काय? हेल्मेट घाल, पुढे बघ, निघून जा."

पुढच्या आठवड्यात चंद्रपूरच्या शोरूममधून फोन आला. अभिनंदन, तुमची गाडी बुक झाली आहे. तुमच्या बाबांनी तिकडे तुमच्या घरी बसल्या बसल्या पूर्ण पैसे भरून मधली गाडी तिच्या नावावर घेतली होती. निळ्या रंगाची. आम्हाला चकित करायचं होतं म्हणे. तुमच्या आत्याला त्यांनी निरोप पाठवला की तुझी साठवलेली रक्कम तुझ्याकडेच राहू दे, ही माझी भेट.

भेट मिळाली की तोंड बंद होतं. विकत घेतलेल्या वस्तूत खोट काढता येते, भेटीत काढली की माणूस क्षुद्र ठरतो. तुमच्या आत्याने उत्तर पाठवलं, "थँक यू दादा." मग ती अंगणात जाऊन कपडे वाळत घालू लागली, आणि वाळलेलेच कपडे पुन्हा दोरीवर टाकत होती.

मी एकदा प्रयत्न केला. शोरूमला फोन करून विचारलं, बुकिंग बदलून मिळेल का. ते म्हणाले, ज्यांनी पैसे भरले त्यांनी कळवायला हवं. ज्यांनी पैसे भरले त्यांना मी कळवलं. ते म्हणाले, "आई, गाडी अजून पाहिलीही नाहीस." म्हणून आम्ही पाहायला गेलो.

शोरूमचा पोरगा चुणचुणीत होता. त्याने आम्हाला घुग्घुसच्या रस्त्यावर चक्कर मारायला नेलं. कोळशाचे ट्रक जात होते, धुळीने समोरचं दिसत नव्हतं, पण रस्ता ताटासारखा सपाट. तुमच्या आत्याने एकटीने चालवली. मी म्हटलं, आता मी मागे बसते.

"आजी, तुम्ही कशाला त्रास घेता?"

"त्रास गाडीला द्यायचा आहे," मी म्हटलं.

बसले. गाडी पळाली. सपाट रस्त्यावर का नाही पळणार. उतरून मी त्याला पत्रकातली चांदणी दाखवली आणि विचारलं, घाटात दोन माणसं घेऊन किती जाईल. तो हसला. "म्याडम, इतकं बारीक अक्षर कोनी वाचत नाई. तुम्ही पयल्याच."

मी पहिली होते आणि त्याचा काही उपयोग नव्हता. गाडी टेम्पोत घालून आम्ही कुरखेड्याला आणली.

सुरुवातीचे दिवस बरे गेले. उन्हाळ्याच्या सुट्या होत्या, रस्त्यावर माणसं कमी. एकटी असली की गाडी घाट चढत होती. दमत होती, पण चढत होती. आवाज नाही, धूर नाही, पेट्रोलची उधारी नाही. तुमच्या बाबांनी विचारलं, "कशी आहे?" ती म्हणाली, "मस्त." खोटं नव्हतं.

मग एका बाजाराच्या दिवशी वरच्या गावची एक म्हातारी भेटली. बाळंतपणं करण्यात तिची हयात गेली होती. आत्याची तिच्याशी जुनी सलगी, आणि सगळ्या टोल्यांची खबर तिच्याकडे. म्हातारीने हात केला, आत्या थांबली. तिसऱ्या वळणावर गाडीने टुंटुं आवाज केला आणि पडद्यावर कासवाचं चित्र आलं. मोटर तापली की ती गाडी स्वतःच स्वतःची ताकद कमी करते, आणि चालवणाऱ्याला कळावं म्हणून कासव दाखवते. कुणा हुशार माणसाला तो विनोद वाटला असणार.

म्हातारी खांद्यावरून वाकून पाहत होती. "हे कासव काऊन आलं वं?"

"गाडी दमली, बाई."

"मंग मी उतरतो." ती उतरली आणि गाडीच्या बाजूने चालू लागली. काही वेळाने तीच पुढे गेली. वर पोचल्यावर डोक्यावरची पिशवी सावरत म्हणाली, "तुह्या गाडीपेक्षा माहा बैल बरा. म्हातारा हाय, पण मले पायी नाई चालवत."

आत्याने हे मला हसत सांगितलं. पुढच्या वेळी गाडी वळणावर बंदच पडली. एका गरोदर बाईला बसवलं होतं, तिला तपासणीसाठी आणत होती. त्या बाईला सावलीत बसवून हिने एकटीने गाडी वरपर्यंत ढकलली. इलेक्ट्रिक गाडी बंद पडली की पेट्रोलच्या गाडीपेक्षा जड लागते, बॅटरीचं वजन असतं. दुपारी उपकेंद्रात वीज नव्हती. संध्याकाळी थोडी आली, तेवढ्या चार्जिंगवर ती घाट उतरून कशीबशी घरी पोचली. त्या दिवशी ती हसली नाही. जेवताना म्हणाली, "आई, एक त माणूस नेता येते, नाई त मले परत येता येते."

उपकेंद्रात रोज चार्जिंग करावं, तर गावातल्या एकाने तक्रार केली की सरकारी विजेवर बाईची खाजगी गाडी चालते. तेही बंद झालं. पावसाळा लागला तशी बॅटरी आणखी लवकर उतरू लागली. शोरूम म्हणे, चढाच्या रस्त्यावर असं होतंच.

मग ती माणसं चुकवायला लागली. बाया रस्त्यावर यायच्या आधी निघायची, त्या घरी पोचल्यावर परतायची. पण रस्ता रिकामा कधीच नसतो. कुणीतरी हात करणार, आणि हिला मान खाली घालून पुढे जावं लागणार. एकदा ती तशी गेली. मागून आलेलं बोलणं तिने मला सांगितलं नाही; दुधाचे कॅन घेऊन जाणाऱ्या भाऊंकडून मला कळलं. "नर्सबाई आता मोठी झाली. मान खाली घालून जाते, सासरी निघालेल्या नवरीवानी."

त्यानंतर तिने औषधांचं एक मोठं खोकं आणलं. पुठ्ठ्याचं. ते मागच्या सीटवर ठेवून दोरीने बांधलं. मला वाटलं, सामान न्यायचं असेल. रोज बांधायची. मी उचलून पाहिलं तर हलकं. जागा नाही, हे डोळ्यांना दिसत होतं.

तुम्हाला हे चलाखीचं वाटेल. मला तुमच्या आत्याच्या तोंडाकडे पाहवत नव्हतं. लहानपणी परीक्षेत शेजारीण वही दाखवायला लागली तरी डोळे मिटून घेणारी मुलगी होती ती.

खोकं बरेच दिवस चाललं. मग धान रोवायच्या दिवसांत, घाटाखाली पाऊस आला म्हणून ती एका झाडाखाली थांबली. तिथे रोवण्याहून परतणाऱ्या चार-पाच बाया आधीच थांबलेल्या. त्यांच्यात ती म्हातारीही होती. पुठ्ठा भिजून मऊ झाला होता. बोलता बोलता म्हातारीने सहज खोक्यावर हात टेकला आणि तो आत गेला. तिने आत चाचपून पाहिलं.

"बाई," ती म्हणाली, "खोकं त रिकामं हाय."

आत्या म्हणाली, "गाडी चढत नाई वं. तुले त माईत हाय."

"मले माईत हाय," म्हातारी म्हणाली. "मंग तसं सांगाचं. आमी पायी गेलो असतो. पायी जायले आमाले कोनाची लाज हाय?" आणि दुसऱ्या बाईकडे वळून, "चाला वं, पाऊस कमी झाला." पाऊस कमी झाला नव्हता. त्या निघून गेल्या.

हा प्रसंग आत्याने मला शब्दशः सांगितला, म्हणून मी तो तसाच लिहिला. गाडी चढत नाही हे त्यांनी मनाला लावून घेतलं नव्हतं, त्यावर त्या आपसात हसत होत्या. रिकाम्या खोक्याचं मात्र हसू आलं नाही. नाही म्हणायची पद्धत नसलेल्या रस्त्यावर हिने नाही म्हणायची युक्ती काढली होती.

तिने खोकं फेकून दिलं. पण आता सीट रिकामी असली तरी कुणी हात करत नव्हतं. बाया तिला पाहून झाडांकडे तोंड करायच्या. उपकेंद्रात यायच्या, गोळ्या घ्यायच्या, "बरं हाय" म्हणायच्या. वास्ते आले नाहीत, सीताफळं आली नाहीत, त्याचं मला काही नाही. खबर यायची थांबली. एका टोल्यावरची मुलगी, पहिलंच बाळंतपण, सातवा महिना लागेपर्यंत आत्याकडे तिची नोंद नव्हती. तालुक्याच्या डॉक्टरांच्या शिबिरात ती मुलगी अंगावर सूज घेऊन आली तेव्हा कळलं. गडचिरोलीला नेलं, मुलगी आणि बाळ दोघं वाचली. पण डॉक्टरांनी विचारलं, ही तुमच्या भागातली, तुम्हाला माहीत कशी नाही? आणि मग, तुम्ही राहता कुठे?

मुख्यालयी, म्हणजे उपकेंद्रातच राहा, नाहीतर कंत्राट पुढे वाढणार नाही, असा लेखी आदेश आला. त्यात चुकीचं काही नव्हतं. नियम आधीपासून होता.

मी म्हटलं, तिची साठवलेली रक्कम आहे, निळी गाडी विकू, डब्बा घेऊ. ती म्हणाली, "आता गाडीचं काम नाई राह्यलं आई. आता मले तिथं दिसावं लागंल." ती बरोबर बोलत होती. मला ते आवडलं नाही, पण बरोबर होतं. बाया पाठीशी बोलायच्या थांबल्या होत्या. आता त्यांना तिचा चेहरा रोज, सकाळ-संध्याकाळ, हातपंपावर, चुलीपाशी दिसायला हवा होता. बॅग भरताना तिने मला डोळ्यात औषध टाकायला शिकवलं, आरसा कसा धरायचा, बाटली कुठल्या बोटांनी. माझा हात हलतो. अर्धं गालावर जातं.

तुमच्या बाबांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "बरं झालं, रोजचा त्रास वाचला तिचा. तू इकडे ये ना थोडे दिवस." आणि नंतर, "मग गाडी आता पडूनच राहणार का?" मी म्हटलं, हो. तिकडे येण्याबद्दलचं उत्तर मी अजून दिलेलं नाही.

धाकटे, तू विचारलंस म्हणून सांगते: गाडी धूळ खात नाही. माझ्या घरात कुठलीच वस्तू धूळ खात नाही. ती पडवीत झाकून ठेवली आहे आणि मी ती पुसते. विकायला काढावी तर बॅटरी आधीच उतरलेली, गिऱ्हाईक भाव पाडून मागतात. आत्या म्हणते, दादाची भेट आहे, राहू दे. तुमच्या बाबांनी वाईट हेतूने काही केलं नाही. त्यांना वाटलं, गाडीवर एकच माणूस बसतो. ते आता जिथे राहतात तिथे बसत असेल. पण ते वाढले या रस्त्यावर, आणि विसरले. हे मला माफ करता येत नाही. वयामुळे येईल असं वाटलं होतं, तेही झालं नाही.

आत्या शनिवारी येते, एसटी असली तर एसटीने, नाहीतर कुणाच्या तरी मागे बसून. सोमवारी सकाळी परत जाते. पहिले काही महिने बाया तिच्याशी तशाच वागल्या. आता थोडं बोलतात म्हणे, पूर्वीइतकं नाही. म्हातारी एकदा उपकेंद्राच्या पायरीवर येऊन बसली, पाणी मागितलं, प्यायली आणि गेली. काही सांगितलं नाही. सूज घेऊन शिबिरात आलेल्या त्या मुलीचं बाळ आता रांगतं. त्याला डोस द्यायला मुलीची आई स्वतः घेऊन आली, सांगावं लागलं नाही.

मी इथे एकटी आहे. स्वयंपाक करते, वाचते, डोळ्यात औषध जमेल तसं टाकते. आत्याची नोकरी आहे. घाटावरचं उपकेंद्र रोज सकाळी उघडतं, आणि ते उघडायला ती तिथे असते.

तुमची आजी